त्याला पण खेळायचंय: छोट्यांसाठी चित्रपुस्तकं, भावना आणि मैत्री

अंगणवेल (धागालेखिका)

नमस्कार. मी ११ वर्षं तीन ते पाच वयाच्या मुलांना शिकवते आहे. गेल्या आठवड्यात वर्गात जे झालं ते मनातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढते आहे.

गोष्टीच्या वेळेला आम्ही एक चित्रपुस्तक बघत होतो. एका पानावर दोन मुलं ठोकळ्यांचा उंच मनोरा रचतायत. पान उलटलं की मनोरा आडवा, ठोकळे सगळीकडे पसरलेले, आणि पानाच्या अगदी कडेला एक तिसरा मुलगा उभा. त्या पानावर एकही शब्द नाही. मी विचारलं, "काय झालं असेल इथे?" सगळ्यांनी एकच गलका केला, "त्याने पाडला! तो वाईट आहे!"

आमच्या वर्गात साडेचार वर्षांचा एक मुलगा आहे. त्याच्या हातून रोज कुणाचं ना कुणाचं काहीतरी पडतं. मी त्याला "सॉरी म्हण" सांगते, तो म्हणतो, आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. महिनोन्‌महिने हेच चाललंय. त्या दिवशी तो गुडघ्यांवर सरकत पुढे आला, कडेच्या मुलावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "त्याला पण खेळायचंय."

एक मुलगी म्हणाली, "मग सांगायचं ना त्याने." तर हा म्हणतो, "त्याला सांगता येत नाही."

स्वतःबद्दल हे वाक्य तो कधीच बोलला नसता. चित्रातल्या मुलाबद्दल बोलला, कारण तिथे त्याला कुणी रागावणार नव्हतं. आणि मी इतके दिवस "काय केलंस" हेच विचारत होते. "कशासाठी गेला होतास तिकडे" हे एकदाही विचारलं नव्हतं.

तुम्ही घरी किंवा शाळेत पुस्तकांतून भावनांबद्दल कसं बोलता? कोणत्या प्रकारचं पान मुलांना बोलतं करतं? काय फसलं तेही लिहा, मला त्याची जास्त गरज आहे.

चांदणवेळ

"त्याला सांगता येत नाही" इथे थांबले आणि परत वरून वाचलं. वाचतेय.

दोनचाकी

ताई, काय फसलं विचारलंत म्हणून लिहितो. आमचा मुलगा साडेतीन वर्षांचा. रागावर एक छान पुस्तक आणलं. तो आरडाओरडा करायला लागला की मी ते पुस्तक घेऊन बसायचो, "बघ, यालाही तुझ्यासारखाच राग आलाय." तिसऱ्या वेळी त्याने ते भिरकावलं. आता ते पुस्तक दिसलं तरी तोंड फिरवतो. बाकीची पुस्तकं मात्र आवडीने ऐकतो. माझं कुठे चुकलं?

अंगणवेल

@दोनचाकी, ही चूक मीही केली आहे, म्हणून सांगते. राग डोक्यात गेलेला असताना पुस्तक समोर आलं की त्याचा उपदेश होतो. त्या वेळी मुलाला ऐकूच येत नसतं. तेव्हा जवळ बसायचं, आवाज खाली ठेवायचा, लागणार-बिगणार नाही एवढं बघायचं. पुस्तक दुसऱ्या दिवशी, पोट भरलेलं असताना, मांडीवर.

दुसरं म्हणजे "तुझ्यासारखा" हा शब्द. तो आला की मुलाला कळतं की हे माझ्यावर चाललंय. फक्त चित्राबद्दल बोला. "मुठी बघ याच्या, किती घट्ट आवळल्यात." आणि थांबा. कालचं भांडण त्याला आठवायचं असेल तर आठवेल. तो म्हणाला "मी पण काल असाच केला होता", तर ते त्याचं त्याने आणलेलं असतं.

रागाचं पुस्तक थोडे दिवस फळीवर राहू द्या. मुलं फेकलेल्या पुस्तकाकडे परत येतात, पण आपण हातात कोंबलं तर नाही येत.

शोधयात्री

मी बालविकास शिकवतो. अंगणवेल यांना जे वर्गात दिसलं त्याच्या जवळ जाणारं थोडं लिहितो.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८ ते ३० महिन्यांची मुलं आणि त्यांचे पालक यांना चित्रपुस्तकं एकत्र बघायला दिली होती. नंतर तीच मुलं मोठ्या माणसाला मदत करतात का, स्वतःजवळचं वाटून देतात का, हे पाहिलं. ज्यांचे पालक मुलाला "हिला काय वाटतंय? का वाटतंय?" असं विचारून त्याच्याकडून उत्तर काढून घेत होते, ती मुलं जास्त पटकन मदत करत होती आणि वाटून देत होती. पालकांनी स्वतः भावनांबद्दल किती बोललं, याने तसा फरक दिसला नाही. यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, संबंध दिसतो एवढंच. पण मला तो फार मोलाचा वाटतो, कारण आपण मोठी माणसं बहुतेक वेळा उलटं करतो. "बघ, ती रडतेय, कारण तिचं खेळणं हरवलं, आपण असं करायचं नाही हं" असं सगळं आपणच बोलून टाकतो आणि मुलाला बोलायला काही उरत नाही.

विचारा आणि मनात पाचपर्यंत मोजा. ते पाच आकडे फार लांब वाटतात, तरी मोजा.

आणखी एक. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळी, चुकीची समजूत असू शकते हे मुलांना साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास उमगायला लागतं. १९८३ साली विमर आणि पर्नर यांनी यासाठी एक साधी गोष्ट वापरली होती. मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते, आता तो परत आल्यावर कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं सहसा सांगतात, जिथे आता आहे तिथे. म्हणून "त्याला माहीत नव्हतं ना ते तिचं आहे" यावर उभी असलेली भांडणाची गोष्ट तिसऱ्या वर्षी डोक्यावरून जाते. त्यात मुलाचा कठोरपणा नसतो. त्या वयाला सरळ चित्रं द्या. काय हवं होतं, मिळालं की नाही, चेहरा कसा झाला. हवं-नको हे त्यांना छान कळतं.

रानफूल

पण मग प्राण्यांच्या गोष्टींचं काय? माझी मुलगी चार वर्षांची आहे, तिला ससा, अस्वल, हत्ती यांच्याशिवाय काही चालत नाही. कुठेसं वाचलं की प्राण्यांच्या गोष्टींतून मुलं काही शिकत नाहीत. तेव्हापासून मनाला टोचणी लागली आहे.

शोधयात्री

@रानफूल, तुम्ही ज्याबद्दल वाचलंत तो बहुधा टोरांटोमधला प्रयोग असावा. चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट, काहींना माणसांच्या चित्रांची, काहींना कपडे घातलेल्या प्राण्यांची, वाचून दाखवली. गोष्टीच्या आधी आणि नंतर प्रत्येकाला स्टिकर दिले आणि किती दुसऱ्या मुलाला देतो ते मोजलं. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर जास्त दिले, प्राण्यांची ऐकलेल्यांचं देणं वाढलं नाही. पण हे एकदा वाचून लगेच मोजलेलं आहे. तुम्ही मुलीला मांडीवर घेऊन तीच गोष्ट विसाव्यांदा वाचता आणि मध्ये तिच्याशी बोलता, ते यात कुठे मोजलंय? टोचणी काढून टाका.

अंगणवेल

माझा अनुभव असा आहे की प्राणी आणि माणसं वेगवेगळ्या कामाला येतात. मूल एखाद्या भीतीच्या फार जवळ असेल, घरात नवं बाळ आलंय, कुणी आजारी आहे, तर अस्वल बरं. अस्वलाबद्दल बोलताना स्वतःला लपवता येतं. पण "झोक्यावर माझी पाळी कधी" असला रोजचा प्रश्न असेल तर मला पानावर खरी मुलं हवी असतात, शक्यतो वेगवेगळ्या चेहऱ्यांची, चष्मा लावलेली, चाकाच्या खुर्चीत बसलेली. पुस्तकात आपल्यासारखं कुणी कधीच न भेटणं, हेही मुलाला काहीतरी सांगत असतं.

रेघोटी

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. कोणतं पान मुलांना बोलतं करतं, असं विचारलंय, म्हणून आमच्या बाजूने लिहिते. थोडं लांबेल.

चेहऱ्यावर भावना काढणं सोपं. तोंड वर वळवलं की हसू, खाली वळवलं की रडू. मुलंही ते चटकन ओळखतात आणि तिथेच थांबतात. खरं काम शरीर करतं. खांदे कानापर्यंत गेलेत, पायाची बोटं आत वळलीत, एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरलंय. मूल अशा चित्राकडे बघताना नकळत स्वतः तसं बसतं. कधी लक्ष देऊन बघा. एक भुवई जरा उचलली तर भीतीचं कुतूहल होतं. असल्या बारीक फरकासाठी मी एकेक चेहरा दहा-दहा वेळा काढते.

दुसरं, अंतर. पुस्तक उघडल्यावर मधोमध जी घडी येते, ती आम्ही भांडणासाठी वापरतो. एक मैत्रीण डाव्या पानावर, दुसरी उजव्या पानावर, मध्ये घडी. मग हळूहळू एकीचा हात घडी ओलांडून पलीकडे येतो. शब्दांत कुठेही "मैत्री झाली" लिहावं लागत नाही. तीन वर्षांच्या मुलाला मी त्या हातावरून बोट फिरवताना पाहिलंय.

तिसरं, पान उलटणं. छापखान्यात एका मोठ्या कागदाला घड्या घालून पानं तयार होतात, त्यामुळे चित्रपुस्तकं बहुधा ३२ पानांची असतात. गोष्टीला तेवढीच जागा, आणि प्रत्येक उलटणं म्हणजे एक "आता काय होणार?" ताईंच्या पुस्तकात मनोरा उभा आहे आणि मनोरा पडलाय, ही दोन पानं आहेत. पडतानाचं चित्र नाहीच. ते मुलांनी मनात काढलं, आणि त्या मुलाने इतरांपेक्षा वेगळं काढलं. चित्रकाराने ते दाखवलं असतं तर "त्याला पण खेळायचंय" हे वाक्य आलं नसतं.

पुस्तक निवडताना मजकूर हाताने झाका आणि नुसती चित्रं बघा. गोष्ट कळते का? मग नुसता मजकूर वाचा. चित्रात आहे तेच सगळं मजकुरात परत सांगितलं असेल तर ठेवून द्या. "मीनू खूप दुःखी झाली" असं लिहून खाली रडणारी मीनू काढली असेल, तर मुलाला करायला काय उरलं?

चांदणवेळ

घडीचं वाचून घरातली सगळी पुस्तकं काढून बसले आहे. इतक्या वेळा वाचलेल्या एका पुस्तकात मधली घडी आणि दोन मित्र आज पहिल्यांदा दिसले!

जुनी पाटी

मी दोन नातवंडांची आजी. शब्दांबद्दल सांगावंसं वाटतं.

आजकालच्या भावनांच्या तक्त्यांवर चार चेहरे असतात: आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला. नातू पुस्तकातला कुठलाही मलूल चेहरा दिसला की "सॅड" म्हणून मोकळा होतो. आपल्या भाषेत याला किती शब्द आहेत! खेळायला निघालो आणि पाऊस आला, तर मूल हिरमुसतं. सगळ्यांसमोर चूक उघडी पडली की ओशाळतं. अनोळखी घरात बावरतं. मोठा आवाज झाला की दचकतं, अंधारात एकटं राहिलं की भेदरतं. दुसऱ्याचं नवं खेळणं बघून हेवा वाटतो. आणि रुसणं तर बघा, रुसायला समोर कुणीतरी लागतं. रागावलेल्या माणसाला एकटं राहायचं असतं, रुसलेल्याला कुणीतरी जवळ यायला हवं असतं. दोघांना एकच शब्द लावला तर आपण रुसलेल्या मुलाला एकटं सोडून देऊ.

मी पुस्तक वाचताना हे शब्द मुद्दाम पेरते. अर्थ सांगत नाही. "अगंबाई, हिरमुसली की ही!" एवढंच. महिनाभराने नातीने बाहुलीला सांगितलं, "तू रुसलीस का हिरमुसलीस?" तिला फरक कळलाय की नाही कोण जाणे, पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तिला ठाऊक आहे.

अंगणवेल

आजी, हे उद्यापासून वर्गात. रुसणं आणि रागावणं यांच्यातला हा फरक मला इतकी वर्षं शिकवून शब्दांत मांडता आला नव्हता.

सरळरेघ

मी जरा वेगळं मत मांडतो, राग नसावा. सगळं मुलावर सोडून कसं चालेल? कुणी कुणाला चावलं, ढकललं, तर ते चूक आहे हे मोठ्या माणसाने सांगायलाच हवं. गोष्टीतून काय घ्यायचं हे न सांगता पुस्तक मिटलं तर मूल भलतंच घेऊन जातं. माझ्या पुतणीला एक भांडणाची गोष्ट वाचून दाखवली. त्यातल्या मुली शेवटी गळ्यात गळे घालतात. तिने काय उचललं? "तू माझी मैत्रीण नाहीस" हे वाक्य! दुसऱ्या दिवशी शाळेत तेच म्हणाली.

शोधयात्री

@सरळरेघ, तुमचा मुद्दा बरोबर आहे, आणि पुतणीचं उदाहरण फार नेमकं आहे. भांडण वीस पानं आणि समेट शेवटच्या एका पानावर, अशी पुस्तकं पुष्कळ आहेत. मुलाच्या लक्षात वीस पानं राहणार. म्हणून समेट कसा झाला हे ज्यात सावकाश दाखवलंय असं पुस्तक शोधायचं. आधी कोण जवळ आलं, काय म्हणालं, दुसऱ्याने लगेच ऐकलं का, नाही ऐकलं तर मग काय केलं.

पण तात्पर्य सांगण्याबद्दल एक सांगतो. २०१४ मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांवर खरेपणाच्या गोष्टींचा एक प्रयोग झाला. खोटं बोलल्याची शिक्षा दाखवणाऱ्या गोष्टी ऐकून मुलांचं खरं बोलणं वाढलं नाही. खरं बोलल्यावर कौतुक झालेल्या मुलाची गोष्ट ऐकून वाढलं. तेव्हा "असं करू नये" सांगण्यापेक्षा "असं केलं तर काय छान होतं" हे मुलाला दिसायला हवं.

अंगणवेल

@सरळरेघ, ढकलणं चूक आहे हे मी वर्गात ढकललं त्या क्षणी स्पष्ट सांगते, दोन शब्दांत. "ढकलायचं नाही. तिला लागतं." त्यात पुस्तक आणत नाही. पुस्तकाच्या वेळी मला दुसरं काहीतरी करायचं असतं. तिथे प्रत्येक वाक्यानंतर "कळलं ना?" आलं, तर मुलं मला हवी तीच उत्तरं द्यायला शिकतात. "वाटून घ्यायचं असतं, ताई" हे वाक्य माझ्या वर्गातलं प्रत्येक मूल बोलतं. ते म्हणताना हातातलं खेळणं छातीशी धरलेलं असतं.

"तू माझी मैत्रीण नाहीस" बद्दल मात्र थोडं. चार वर्षांच्या मुलीला मैत्रीण म्हणजे आत्ता माझ्याबरोबर खेळणारी. त्यामुळे त्या वाक्याचा अर्थ बहुधा "मला आत्ता तुझ्याशी खेळायचं नाही" इतकाच असतो. सकाळी कट्टी, खाऊच्या वेळी एका चटईवर. पण जिला ऐकावं लागतं तिला ते पूर्ण खरं वाटतं. हे दोन्ही लक्षात ठेवून बोलावं लागतं.

मंदझुळूक

माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. चेहऱ्यांकडे बघत नाही. "हिला काय वाटतंय?" विचारलं की पान बंद करतो. सगळे म्हणतात चेहरे ओळखायला शिकवा, तक्ते आणा. आम्ही दोघंही दमलोय त्याने. अशा मुलांबरोबर कुणी काही केलंय का?

रेघोटी

@मंदझुळूक, चेहरा सोडून द्या. हात बघा, वस्तू बघा. "फुगा सुटला. दोरी कुठे गेली?" त्याला वस्तूंमधून गोष्ट कळत असेल, आणि तीही गोष्टच आहे.

अंगणवेल

आणि प्रश्न बंद करा काही दिवस. प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. त्याऐवजी शेजारी बसून नुसतं म्हणायचं, "फुगा सुटला. मला वाईट वाटलं." तो बोलेल, नाही बोलेल.

आमच्या वर्गात अशा एका मुलीसाठी आम्ही तिचंच पुस्तक केलं होतं. एक कोरा कागद तीनदा दुमडून आठ चौकोन पाडायचे, मध्ये एक काप द्यायचा आणि घडी घालायची, आठ पानांचं पुस्तक होतं. त्यात तिच्या दिवसातले फोटो. दप्तर, शाळेचं दार, तिची चटई, दुपारी आवाज वाढतो तेव्हा कानांवर ठेवलेले तिचे हात. त्या पानाखाली लिहिलं, "खूप आवाज. कान झाकले. बरं वाटलं." पुढे वर्गात आवाज वाढला की ती ते पान उघडून मला दाखवायची. बोलायची नाही, दाखवायची. मला तेवढं पुरत होतं.

मंदझुळूक

आज रात्री करते. त्याला दाराच्या कड्यांचं फार वेड आहे, तिथूनच सुरू करेन. धन्यवाद, खूप दिवसांनी "अजून एक करून बघा" यात ओझं वाटलं नाही.

दोनचाकी

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. रागाचं पुस्तक काल त्याने स्वतः आणलं. फक्त मुठींचं पान उघडलं, बघितलं आणि मिटलं. मी काहीच बोललो नाही. अवघड गेलं.

अंगणवेल

@दोनचाकी, न बोलणं हे फार मोठं काम केलंत.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. मनोऱ्याचं पुस्तक मी मुलांच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर ठेवून दिलं. तो रोज एकदा तरी ते काढायचा. पुढच्या आठवड्यात मी सगळ्यांना एकेक कागद दिला, "त्या तिसऱ्या मुलाने आता काय करावं, काढा." कुणी त्याला शेजारी बसवून स्वतःचा मनोरा करायला दिला, कुणी नुसतं फूल काढलं. याने एक लांबच लांब ट्रक काढला, वर ठोकळे भरलेले. म्हटलं, "हा कुठे चाललाय?" म्हणाला, "त्यांचे ठोकळे संपले."

मला यातलं खूप आवडलं ते असं, की "मी येऊ का खेळायला?" या प्रश्नाला मुलं सरळ "नाही" म्हणतात, मी रोज बघते. पण चालू खेळाला उपयोगी पडणारं काही घेऊन आलेल्याला सहसा हाकलत नाहीत. हे त्याचं त्यानेच शोधलं. मी सांगितलं असतं तर "सॉरी म्हण" सारखंच आणखी एक पाठ केलेलं वाक्य झालं असतं.

दोन दिवसांनी तो खरंच हातात ठोकळे घेऊन दोन मुलींकडे गेला. तोंडाने ट्रकचा आवाज. त्यांनी एकदा वर बघितलं आणि ठोकळे घेतले. मग तोही खाली बसला.

काल मात्र परत मनोरा पडला. वळताना त्याचं कोपर लागलं. मी उठणारच होते, पण थांबले. तो जागच्या जागी गोठला होता, खांदे वर, रेघोटी यांनी लिहिलंय तसे. मग गुडघ्यांवर बसला आणि एकेक ठोकळा गोळा करायला लागला. मनोरा रचणारी मुलगी आधी रुसून बसली. थोड्या वेळाने तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "लाल मला दे."